सबुरीची गोळी

दिवाळीच्या अंकात औषधाच्या गोळीवर लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात काढा वाढणे, हे आम्हांला ठाऊक आहे. पण फराळाचे ताट आणि गोळ्यांची डबी शेजारी शेजारी ठेवणारी घरे आता थोडी नाहीत. आमच्या द्वारका भागातल्या औषधाच्या दुकानात घटकाभर उभे राहावे, मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी घेता घेता कोणीतरी विचारतेच, "केवढी मोठी आहे हो! मोडून दिली तर चालेल ना?"

प्रश्न साधा, उत्तर मात्र गणितात आहे.

औषधाच्या नावापुढे 'एस. आर.', 'ई. आर.' किंवा 'एक्स. आर.' अशी अक्षरे असली, तर ती गोळी सबुरीची समजावी. अशा पुष्कळ गोळ्यांत औषधाबरोबर सेल्युलोजपासून केलेला एखादा पॉलिमर असतो. पाणी लागताच तो सब्जाच्या बीसारखा फुगून बुळबुळीत होतो आणि औषधाला त्यातून वाट काढत झिरपावे लागते.

किती वेळात किती झिरपेल? अमेरिकेतील शास्त्रज्ञ ताकेरू हिगुची यांनी १९६१ साली मलमासाठी याचे सूत्र मांडले आणि १९६३ साली ते घन गोळीला लावले. बाहेर पडलेले औषध वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, हा त्याचा मथितार्थ. पहिल्या तासात २० टक्के सुटले, तर ४० टक्के सुटायला दोन नव्हे, चार तास लागतात; ६० टक्क्यांना नऊ. पर्वणीला रामकुंडावर हेच दिसते. गर्दीच्या कडेचा माणूस चटकन निघतो, मधल्याची वाट लांब असते.

फुगणाऱ्या आणि झिजणाऱ्या गोळीला हे सूत्र तंतोतंत बसत नाही. तिच्यासाठी पुढे आणखी सूत्रे झाली. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी अशा फुगणाऱ्या पॉलिमरांवर संशोधन केले.

आता गोळी मोडली, की नवी बाजू उघडी पडते आणि आतल्या औषधाची वाट आखूड होते. खलबत्त्यात कुटली, तर वाटच उरत नाही. बारा किंवा चोवीस तासांचे औषध थोड्या वेळात रक्तात उतरते. निफेडिपिनसारख्या औषधाने मग रक्तदाब एकाएकी घसरून जिवावर बेतू शकते.

काही सबुरीच्या गोळ्या अर्ध्या करता येतील अशाच घडवलेल्या असतात. तरी मधली रेघ पाहून आपण निकाल देऊ नये. डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारावे. गिळवत नसेल तर तसे मोकळेपणाने सांगावे, म्हणजे दुसरा उपाय निघतो.

थेंबे थेंबे तळे साचते, असे आपण म्हणतो. ही गोळी तळ्याचे थेंब करते. सासऱ्यांना गिळायला त्रास नको म्हणून मायेने गोळी कुटून देणाऱ्या सुनेला हे बहुधा कोणी सांगितलेले नसते. वाचकहो, या दिवाळीत तेवढे सांगावे.