उबेचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यात हिवाळ्याच्या रात्री अंगणात पऱ्हाटीची शेकोटी पेटते. घर उबदार करण्याचा इतिहास म्हणजे अग्नी जवळ ठेवून धूर दूर सारण्याचा इतिहास होय. रोमनांनी जमिनीखालून उष्ण हवा खेळविली, युरोपने धुराडी उभारली. वणीसारख्या कोळशाच्या मुलखात शेगडी घरोघरी परिचित. तिचा धूर दिसत नाही, म्हणून ती निर्धोक वाटते. परंतु बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्यास ना रंग, ना गंध. निजलेला मनुष्य जागाही होत नाही. २००० वॅटचा हीटर तासाला २ युनिट वीज घेतो. तो खर्च बिलात दिसतो, शेगडीचा दिसत नाही. शेगडी पेटती असेतो खिडकी उघडी असावी आणि निजण्यापूर्वी शेगडी अंगणात न्यावी.