पिस्तूल, परिग्रह आणि रोजमेळ

व्यापारी घराला खरेदीचा प्रश्न नवा नसतो. माल घेताना भाव, उठाव आणि उधारीची मुदत यांचा बारकाईने विचार करणारी माणसे मुलांसाठी काही घेताना मात्र बहुधा दोन टोकांना जातात. एक तर मागितलेली वस्तू त्याच दिवशी घरात येते, नाही तर ‘कशाला हवी?’ या एका प्रश्नावर विषय संपतो. इचलकरंजीतील एका सूत-व्यापारी श्रावक कुटुंबाने मात्र या दोहोंमधला मार्ग धरला. तेथे प्रश्नही साधा नव्हता. सतरा वर्षांच्या नातीला नेमबाजीसाठी स्वतःचे पिस्तूल हवे होते आणि त्याची किंमत होती एक लाख ऐंशी हजार रुपये.

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या दिवशी सारा कोल्हापूर जिल्हा आनंदला, तशी ही मुलगीही आनंदली. नेमबाजी या जिल्ह्याला नवी नाही. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांची नावे येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. दिवाळीनंतर मुलगी आठवड्यातून पाच दिवस कोल्हापूरला सरावासाठी जाऊ लागली. १० मीटर एअर पिस्तूल हा तिचा प्रकार. त्यात पंच्याहत्तर मिनिटांत साठ नेम साधायचे असतात. लक्ष्याच्या मध्यभागी असलेल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर असतो. तिचे गुण सहाशेपैकी ५४०च्या आसपास येऊन थांबले होते आणि ‘नवे पिस्तूल आले की पुढे जाईन’ असा तिचा विश्वास होता.

घरात तीन मते झाली. वडिलांची वसुली अडकली होती. ही रक्कम त्या मोसमात दुकानातून काढणे त्यांना जड वाटत होते. आजीचा आक्षेप पैशाचा नव्हताच. “ज्या घरात पाणी गाळून पितात, त्या घरात पिस्तूल ठेवायचे?” एवढेच त्या म्हणाल्या आणि पुढे बोलल्या नाहीत. आजोबांनी दोघांचेही ऐकून घेतले. धर्माचा प्रश्न आणि हिशेबाचा प्रश्न एकमेकांत मिसळू नये, दोन्हींना वेगवेगळे उत्तर द्यावे, असे त्यांनी ठरवले.

धर्माचा प्रश्न त्यांनी आधी घेतला. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांत हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, म्हणजेच हिंसादान, हा एक आहे. आजीच्या मनातील भीती अशी शास्त्रातही आहे. ती जुनाट म्हणून बाजूला सारता येत नाही. हवेच्या दाबावर चालणारे हे पिस्तूल ४.५ मिलिमीटरची शिशाची गोळी सोडते. कागदावर ती छिद्र पाडते, तशी पाखराचा जीव घेऊ शकते आणि माणसाचा डोळाही फोडू शकते. या व्यासाच्या आणि वीस जूलपर्यंतच्या ऊर्जेच्या पिस्तुलाला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही हे खरे. पण कायद्याने दिलेली सूट म्हणजे धर्माने दिलेली मोकळीक नव्हे.

दुसरी बाजूही तेवढीच खरी होती. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावध आणि कषाययुक्त वृत्तीत, सांगितले आहे. स्वयंपाकघरातील विळी आणि दुकानातील कात्री यांनीही इजा होते. त्या वापरताना श्रावकावर जागरूकतेचे बंधन येते. कागदी लक्ष्यावर नेम धरणाऱ्या मुलीचा संकल्प कोणा जिवाला दुखवण्याचा नाही. उलट श्वास आवरणे, हात स्थिर ठेवणे आणि चुकलेल्या नेमाचा राग पुढच्या नेमात येऊ न देणे हीच तिची रोजची साधना आहे. आजोबांनी म्हणून परवानगी दिली, पण तीन अटींवर. पिस्तूल कुलूपबंद पेटीत आणि नळीत सुरक्षा-दोरी घालूनच ठेवायचे. रेंजखेरीज कोठेही, थट्टेतसुद्धा, ते कोणाकडे रोखायचे नाही. आणि पाहुण्यांना दाखवण्यासाठी ते बाहेर काढायचे नाही. आजींचे पूर्ण समाधान झाले नाही. ती पेटी राहत्या घरात नको, खालच्या पेढीवरील तिजोरीत राहावी, असे त्यांनी सांगितले. ते सर्वांनी मानले.

मग हिशेबाचा प्रश्न आला. आजोबांनी नातीला एक कोरी वही दिली आणि सहा आठवडे रोजमेळ लिहायला सांगितले. तारीख, गुण, कोणता नेम कोठे गेला आणि का गेला, एवढेच तिने त्यात मांडायचे होते. “दुकानातला काटा चुकतो असे वाटले की आपण आधी काय करतो? प्रमाणित वजन ठेवून पाहतो. काटा बरोबर निघाला, तर चूक तोलणाऱ्याच्या हाताची.” नातीला हे फारसे आवडले नाही, पण तिने वही लिहिली.

सहाव्या आठवड्यात प्रमाणित वजनाचीही परीक्षा झाली. तिच्या हातातील क्लबचेच पिस्तूल घेऊन प्रशिक्षकांनी दहा नेम मारले. त्यांतले नऊ दहाच्या वर्तुळात गेले. स्पर्धेच्या दर्जाचे पिस्तूल कारखान्यातून निघते तेव्हा ते यंत्रात घट्ट धरून चाचणी घेतात. त्या गोळ्यांची छिद्रे जवळजवळ एकमेकांत मिसळलेली असतात. सुस्थितीतील जुन्या पिस्तुलाची नळीही मुलीच्या हातापेक्षा कितीतरी अचूक असते. म्हणजे एक लाख ऐंशी हजार रुपये देऊन जी अचूकता विकत घ्यायची होती, ती क्लबच्या पिस्तुलात आधीपासूनच होती.

येथे ‘नको’ म्हणून विषय संपवता आला असता. पण वहीने आणखी एक गोष्ट दाखवली. ते पिस्तूल चार नेमबाजांत फिरत असे. प्रत्येक जण आपल्या नजरेप्रमाणे त्याची दर्शिका फिरवी. त्यामुळे मुलीचे पहिले दहा-पंधरा नेम रोज ती पुन्हा जुळवण्यातच जात. लाकडी मूठ मोठ्या पुरुषी पंजाच्या मापाची होती. तिचे बोट ट्रिगरवर जेमतेम टेकत असे आणि थकल्यावर नेम ठरावीक बाजूला सरकत. शिवाय तिच्या वाट्याला दिवसातून पाऊण तासच येई. वहीतील निम्म्याहून अधिक चुका तिच्या स्वतःच्या होत्या, पण उरलेल्या चुका या फिरत्या, बेमापाच्या पिस्तुलाच्या होत्या. तिला अधिक चांगल्या पिस्तुलाची गरज नव्हती. रोज तेच आणि तिच्या हाताला बसणारे पिस्तूल हवे होते. ‘नवे’ आणि ‘स्वतःचे’ या दोन शब्दांतील हे अंतर वही लिहिली नसती तर कोणाच्याच ध्यानात आले नसते.

त्यामुळे शोध बदलला. पुढील शिक्षणासाठी खेळ सोडणाऱ्या एका नेमबाजाचे पिस्तूल पंचाण्णव हजारांत मिळत होते. जुनी वस्तू घेताना पाहावयाच्या गोष्टी आजोबांनी प्रशिक्षकांकडून नीट समजून घेतल्या. त्यांत हवेच्या नळकांड्यावरची तारीख सर्वांत महत्त्वाची. स्पर्धेत असे नळकांडे दहा वर्षांपर्यंतच चालते. या पिस्तुलाचे सहा वर्षांपूर्वीचे होते, म्हणजे चार वर्षे उरली होती. पुढे नवीन घ्यावे लागेल, तो खर्च आजच किमतीत धरला. लहान मापाच्या मुठीचा खर्च वेगळा धरला. हवा रात्रभर टिकते का, ट्रिगरचा ताण नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅम भरतो का, मूळ खरेदीची पावती आहे का, हे सर्व पाहिले. पंधरा दिवस वापरून मगच पैसे द्यायचे ठरले.

एक मतभेद उरला होता. मुलीला इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचे पिस्तूल हवे होते आणि हे यांत्रिक ट्रिगरचे होते. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर हलका आणि एकसारखा चालतो, म्हणून अनेक श्रेष्ठ खेळाडू तो वापरतात. पण २०२१मध्ये टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलातील अशाच ट्रिगरची यंत्रणा पात्रता फेरीच्या ऐन मध्यावर बिघडली. दुरुस्तीत तिची मोलाची मिनिटे गेली. ५७५ गुणांसह ती बाराव्या स्थानावर राहिली आणि अंतिम फेरी हुकली. तीच खेळाडू पुढे पॅरिसमध्ये याच प्रकारात कांस्यपदक घेऊन उभी राहिली. म्हणून दोष त्या तंत्राला देता येत नाही. परंतु जे साधन बिघडल्यास दुरुस्त करणारा जवळपास नाही, ते घेताना दुरुस्तीची सोय हीसुद्धा किंमतच समजावी लागते. दुकानासाठी यंत्र घेताना वडील हेच पाहत असत. या वेळी हा मुद्दा त्यांनी मांडला आणि मुलीला तो पटला.

पॅरिसमधील आणखी एक दृश्य पुष्कळांना आठवत असेल. एअर पिस्तूल मिश्र सांघिक स्पर्धेत तुर्कस्तानचा युसुफ डिकेच रोजच्या साध्या चष्म्यावर खेळला आणि रौप्यपदक जिंकला. त्याच स्पर्धेत मनू आणि सरबज्योत सिंग यांनी कांस्यपदक मिळवले. डिकेचने विशेष भिंग आणि डोळ्यावरील झापड वगळली, पण त्याच्या हातातील पिस्तूल स्पर्धेच्याच दर्जाचे होते. कोणत्या खर्चाला फाटा द्यावा आणि कोणत्याला देऊ नये, याचा विवेक त्यात दिसतो.

वाचलेले पैसे मुलीच्या सरावासाठी वेगळे काढले. दिवसाला साठ गोळ्या, आठवड्याला तीनशे आणि वर्षाच्या पन्नास आठवड्यांत पंधरा हजार, म्हणजे पाचशेचे तीस डबे. प्रवेशशुल्क आणि प्रवास वेगळा. साधन घेताना त्याचा चालू खर्च न धरल्यामुळे किती वस्तू कपाटात पडून राहतात, हे कोणत्याही घरात डोकावले तरी दिसते.

आजोबांनी अनेक वर्षांपासून परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतले आहे. भाद्रपदात, दशलक्षण पर्वातील उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, ते घरातील वस्तूंची यादी तपासतात. नवी वस्तू आली तर एक जुनी बाहेर जावी, असा त्यांचा नियम आहे. या वर्षी त्यांनी तो नातीवर लादला नाही. तिनेच दोन वर्षे न वाजवलेली आपली पेटी पाठशाळेला दिली.

पिस्तूल येऊन आता आठ महिने झाले. राज्य स्पर्धेत ती अंतिम फेरीच्या जवळही पोहोचली नाही. सरासरी ५४०वरून ५४९वर आली आहे. सुरुवातीचे वाया जाणारे नेम वहीतून नाहीसे झाले आहेत. आता तेथे उरलेल्या चुका तिच्या एकटीच्या आहेत आणि त्या तिला नावानिशी माहीत आहेत. रोज संध्याकाळी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाआधी ती पेढीवर जाते, शिशाचे हात स्वच्छ धुते आणि पेटी तिजोरीत ठेवून किल्ली आजीच्या हाती देते. आजी आजही ती पेटी उघडून पाहत नाहीत. मात्र किल्ली आपल्याकडेच असावी, असा त्यांचा आग्रह आहे.