जुनी मोटारसायकल, नवा चालक

नोकरी लागली की तरुण मुलांना दुचाकीचे वेध लागतात. त्यातून नोकरी परगावी असली तर हौसेच्या जोडीला गरजही येते. नवी मोटारसायकल आवाक्याबाहेर असते, म्हणून जुनीचा शोध सुरू होतो. घरची माणसे फोनवर आधी एकच प्रश्न विचारतात, ''केवढ्याला पडली?'' खरे तर त्याआधी विचारायला हवे, ''तपासली कुणी?''

बजबजचेच उदाहरण घ्या. कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी वसलेले हे गाव. १९१४ साली कोमागाता मारू जहाज इथेच थांबवण्यात आले आणि उतरलेल्या प्रवाशांवर गोळीबार झाला. आज बजबज ओळखले जाते ते तेलाच्या डेपोंमुळे, वीजकेंद्रामुळे आणि ताग गिरण्यांमुळे. तेल कंपन्यांच्या नोकरीत बदली ठरलेलीच. त्यामुळे नाशिकचा किंवा सांगलीचा एखादा मुलगाही इथे येऊन राहू शकतो. सियालदहला जायला लोकल आहे, पण पाळी सुटण्याची वेळ आणि लोकलची वेळ नेहमी जुळतेच असे नाही. मग कुणीतरी सांगते, ''एक जुनी गाडी आहे, स्वस्तात मिळेल.''

रस्ता मात्र शिकाऊ माणसासाठी मुळीच सोपा नाही. बजबज ट्रंक रोडवर टँकर, बस, रिक्षा, सायकली आणि बॅटरीवर चालणाऱ्या 'टोटो' यांची दाटी असते. पावसाळ्यात रस्ता निसरडा होतो. अशा ठिकाणी पहिलीच गाडी घ्यायची तर घाई महागात पडते.

नवशिक्याची खरी अडचण

मुरलेल्या चालकाला गाडीची खोड दोन मिनिटांत कळते. नवशिक्याला ती कळतच नाही, कारण चांगली गाडी कशी चालते हेच त्याला ठाऊक नसते. ब्रेक उशिरा लागला की त्याला वाटते, आपणच उशिरा दाबला. गाडी एका बाजूला ओढू लागली की वाटते, आपला तोल नीट नाही. गिअर अडकला की तो स्वतःच्या पायाला दोष देतो. गाडीचे दोष तो असे स्वतःच्या माथी घेतो आणि सदोष गाडीशीच जुळवून घ्यायला शिकतो. एक दिवस समोरचा टँकर अचानक थांबतो, तेव्हा हे जुळवून घेणे उपयोगी पडत नाही.

म्हणून पहिला नियम असा, की गाडी पाहायला एकट्याने जाऊ नये. बरीच वर्षे गाडी चालवणारा सहकारी बरोबर न्यावा. एखाद्या मिस्त्रीला त्याची मजुरी देऊन नेले तर अधिकच चांगले. मात्र हा मिस्त्री विकणाऱ्याने सुचवलेला नसावा.

कोणती गाडी घ्यावी?

शिकणाऱ्याला १०० ते १२५ सी.सी.ची साधी गाडी पुरते. स्प्लेंडर, प्लॅटिना, शाइन यांसारख्या गाड्यांचे सुटे भाग कुठेही मिळतात आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीलाही त्या दुरुस्त करता येतात. अशा गाडीचे वजन ११० किलोच्या आसपास असते. घसरून आडवी झाली तरी एकट्याला उचलता येते. ३५० सी.सी.ची बुलेट १९० किलोच्या घरात जाते, तिचा मोह पुढे कधीतरी पुरवावा.

जुन्या आर.एक्स. १०० चे आकर्षण आजही कमी झालेले नाही. पण ती गाडी १९९६ सालीच बंद झाली, आणि तिची झेप नवख्या हाताला झेपणारी नाही.

जमत असेल तर एप्रिल २०१९ नंतर बनलेली गाडी शोधावी. तेव्हापासून १२५ सी.सी.पर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागणारी यंत्रणा किंवा ए.बी.एस. सक्तीची झाली. नवशिके बहुधा मागचाच ब्रेक दाबतात, त्यांना याचा मोठा आधार होतो.

पाहणी दिवसाउजेडी

गाडी सकाळी आणि इंजिन थंड असतानाच पाहावी. पोहोचताच इंजिनजवळ हात नेऊन पाहावा. ते आधीच तापलेले असेल, तर थंड गाडी सुरू व्हायला कुरकुरते ही गोष्ट लपवली जात असण्याची शक्यता आहे. सुरू झाल्यावर सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे. तो खर्च मोठा असतो.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये, तो मागे फिरवता येतो. त्याऐवजी फूटरेस्टचे आणि गिअरच्या लिव्हरचे रबर पाहावे. आकडा १५ हजारांचा आणि रबर झिजून गुळगुळीत झालेले असेल, तर आकडा खोटा समजावा.

गाडी मधल्या स्टँडवर लावून पुढचे चाक अधांतरी करावे आणि हँडल सावकाश दोन्हीकडे वळवावे. मध्येच अडकल्यासारखे वाटले तर आतले बेरिंग झिजले आहे. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचे ओघळ नसावेत. चेनच्या चक्राचे दाते आकड्यासारखे वाकले असतील तर चेन-स्प्रॉकेट बदलावे लागणार. टायरच्या बाजूवर छापलेल्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असते. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी फार जुने रबर कडक होऊन ओल्या रस्त्यावर घसरते.

बंगालमध्ये काय किंवा मुंबईत काय, पुरात बुडालेली गाडी ही वेगळीच डोकेदुखी. हेडलाइटच्या काचेआड गाळाची रेघ, मीटरमध्ये साचलेली वाफ, सीटखाली वायरींच्या जोडांवर हिरवट गंज आणि इंजिनात दुधाळ ऑइल दिसले, तर तिथूनच परतावे.

शेवटी बरोबरच्या जाणत्याने गाडी चालवावी आणि नवशिक्याने मागे उभे राहून पाहावे. दोन्ही चाके एका रेषेत धावत नसतील तर सांगाडा वाकलेला असू शकतो. मोठ्या अपघाताची ती खूण.

कागद गाडीइतकेच महत्त्वाचे

आर.सी.वरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहावा. सरकारी 'परिवहन' संकेतस्थळावर गाडीचा नंबर घातला की नोंदणी कधीपर्यंत आहे, विमा चालू आहे का, फायनान्स कंपनीचा बोजा आहे का, हे कळते. थकलेला दंडही पाहून घ्यावा. बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय व्यवहार करू नये.

दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. कोलकाता आणि हावड्यातून १५ वर्षांपेक्षा जुनी वाहने हटवावीत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०२२ मध्ये दिला होता. तेव्हा १३-१४ वर्षांची गाडी फारच स्वस्त मिळत असेल तर आधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

''सही केलेले फॉर्म ठेवा, नाव नंतर बदला,'' असे दलाल हमखास सांगतो. हे ऐकू नये. गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावे, असा कायदा आहे. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. नाव बदलले नाही तर अपघातानंतर दोन्ही घरे अडकतात. कागदोपत्री जो मालक तोच भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात २०१८ साली स्पष्ट केले. त्यातली मोटार तर अनेक हातांतून विकली गेली होती! विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायला हवा.

बदलीवर असणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. बंगालची गाडी वर्षभरापेक्षा जास्त काळ महाराष्ट्रात ठेवायची तर ना-हरकत प्रमाणपत्र आणून इथे नव्याने नोंदणी करावी लागते, करही भरावा लागतो. स्वस्त गाडीच्या बाबतीत कधीकधी ती तिथेच विकून येणे परवडते.

थोडे पैसे मागे ठेवा

हाताशी २५,००० रुपये असतील तर २५ हजारांची गाडी घेऊ नये. १८-१९ हजारांची पाहावी. उरलेले पैसे टायर, ब्रेक शू, ऑइल, विमा, नाव बदलणे आणि हेल्मेट यांत जाणारच आहेत. कोलकात्याच्या मल्लिक बाजारात गाड्यांचे जुने सुटे भाग मिळतात. एखादे झाकण किंवा आरसा तिथून जरूर घ्यावा. ब्रेक, टायर आणि हेल्मेट मात्र नवेच हवे, आणि हेल्मेटवर आय.एस.आय.ची खूण हवी.

आधी परवाना, मग गाडी

पुष्कळ मुले गाडी आधी घेतात आणि परवान्याचे नंतर पाहतात. हा क्रम उलटा हवा. शिकाऊ परवाना मिळाल्यावर पक्क्या परवान्यासाठी किमान ३० दिवस थांबावे लागते. शिकाऊ परवान्यावर मागे शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही बसवता येत नाही. हा महिना वाया जात नाही. एखाद्या मित्राच्या चांगल्या गाडीवर, मोकळ्या मैदानात सराव केला की ब्रेक कसा लागतो, क्लच कुठे पकडतो, हे हातापायांना कळते. मग जुनी गाडी पाहायला गेल्यावर तिची खोड आपसूक जाणवते.

गाडी घेतल्यावरही पहिले काही आठवडे कामावर लोकलनेच जावे आणि ट्रंक रोडवर सुट्टीच्या सकाळी, गर्दी नसताना हात बसवावा. टँकरच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नये, कारण उंचावर बसलेल्या चालकाला तिथली दुचाकी दिसत नाही. पहिल्या पावसात सांडलेले तेल वर येते, तेव्हा वेग निम्मा करावा.

आईवडिलांनीही फोनवर गाडीची किंमत विचारण्याआधी परवाना, विमा आणि हेल्मेट यांची चौकशी करावी. दलाल म्हणेल, ''आज घेतली नाही तर उद्या गाडी जाईल.'' जाईना का! जुन्या मोटारसायकलींना या देशात तोटा नाही.