सेटल्ड आणि क्लोज्ड
भाच्याला घरकर्ज नाकारलं, तेव्हा आमच्या घरात ‘सिबिल’ हा शब्द पहिल्यांदा साडेसातीच्या सुरात उच्चारला गेला. मूळ निघालं जुन्या क्रेडिट कार्डात. चाळीस हजार थकले होते; वसुलीवाला म्हणाला, ‘पंचवीस भरा, विषय संपवा.’ भाच्यानं भरले, पेढे वाटायचे तेवढे राहिले. पण सिबिलच्या पतअहवालात त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा बसला, आणि कर्ज देणारा तो ‘थोडं बुडवलं’ असाच वाचतो. आता उरलेले भरून, थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन तिथे ‘क्लोज्ड’ लिहून घ्यायचं. मुळात थकले कसे? ‘मिनिमम ड्यू’ या गोड शब्दामुळे. ४०,००० वर महिना साडेतीन टक्के धरा, व्याज १,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी, २५२. किमान रक्कम पाच टक्के म्हणून २,००० भरले, तर मुद्दल फिटलं ३४८! वर नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज, कारण बिनव्याजी मुदत पूर्ण बिल भरणाऱ्यालाच. पैसे घेऊन स्कोअर ‘साफ’ करून देणारे भेटतात. त्यांना चहासुद्धा पाजू नये. पतमाहिती देणाऱ्या चारही कंपन्या वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट देतात. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं दिवसाला १०० रुपये भरपाई. भाच्यानं अहवाल मागवला. त्यात यानं कधी न घेतलेल्या फ्रिजचं कर्जही निघालं. आता आमची ताई विचारते, फ्रिज आहे कुठे?