दाराचा जुना रंग

हा अंक हाती पडेल तेव्हा नाशिकच्या घराघरांतली रंगरंगोटी बहुधा उरकलेली असेल. दरवाजे घासून, लांबी भरून त्यांवर नवा ऑइल पेंट चढला असेल. घासताना उडालेली भुकटी कुठे गेली, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही, आणि आमच्या मते दिवाळीच्या तोंडावर तेच आधी विचारायला हवे. चुन्याच्या भिंतींची चिंता नाही. जुन्या नाशकातल्या, पंचवटीतल्या वाड्यांचे दरवाजे, खिडक्यांचे गज, जिन्यांचे कठडे यांवर मात्र तैलरंगाचे हातावर हात बसले आहेत. पिवळा, लाल, हिरवा रंग झळाळावा म्हणून शिशाचे क्रोमेट आणि तो लवकर वाळावा म्हणून शिशाचीच इतर संयुगे अशा रंगांत घालत असत. थर शाबूत असतो तोवर ते शिसे बरेचसे जागच्या जागी राहते. कोरडा पॉलिश पेपर फिरला की तेच धूळ होऊन फरशीवर उतरते, रांगत्या मुलाच्या हाताला लागते आणि तोंडात जाते.

आता कायदा आहे ना, असे कुणी म्हणेल. आहे, आणि तो चांगला आहे. केंद्र सरकारने १ नोव्हेंबर २०१६ रोजी नियम काढले; वर्षभराने ते लागू झाले आणि घरगुती व सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे ठेवायला बंदी आली. पण हा नियम नव्या डब्यासाठी आहे. त्याआधी दारावर बसलेल्या थराचे काय, हे तो सांगत नाही आणि औद्योगिक रंगही त्याच्या कक्षेबाहेर राहिले. अमेरिकेने घरांसाठी शिशाचा रंग १९७८ मध्येच बंद केला, तरी जुनी घरे दुरुस्त करताना उडणाऱ्या धुळीसाठी तिथे पुढे वेगळे नियम करावे लागले.

आम्ही अशाच घरांत वाढलो, आम्हाला काय झाले? ही हरकत मनापासूनची आहे. पण शिशाची बाधा पुरळ किंवा ताप होऊन दिसत नाही. ती वाढत्या मेंदूत अडथळा आणते. मुलाचे लक्ष टिकत नाही, गणित जमत नाही आणि घरचे त्याला आळशी ठरवतात. एका घरात हे सिद्ध करता येत नाही, ते हजारो मुलांच्या रक्ततपासण्यांतून दिसते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाचा अंदाज असा, की जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे आणि त्यांतली २७ कोटींहून अधिक मुले भारतातली आहेत. याला बॅटऱ्या गाळणाऱ्या भट्ट्या, भेसळीची हळद अशी इतरही कारणे आहेत. सारा दोष रंगाचा नाही. पण घरातली धूळ आपल्या हातातली आहे. शिसे मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या अंगात चार-पाचपट अधिक मुरते आणि अंगात लोह कमी असेल तर आणखी. आपल्याकडे पंडुरोगी मुले किती आहेत, हे वेगळे सांगायला नको.

उपाय साधा आहे: दार ओले करून घासायचे, काम चालू असताना मुलांना आणि गरोदर बाईला दुसरीकडे ठेवायचे, केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने पुसायचे, खरवड पिशवीत बांधायची. यात वेळ जातो आणि नाक्यावरून आलेल्या रंगाऱ्याची रोजंदारी वेळेवरच ठरते. म्हणून जादा दिवसाची मजुरी घरमालकाने द्यायला हवी. त्या भुकटीत सर्वाधिक तास रंगारीच उभा असतो आणि ती कपड्यांवरून त्याच्याही मुलांपर्यंत जाते. घाईच्या दिवसांत एवढे कोण करणार? २०२२ मध्ये वणीच्या गडावर सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर काढायचा ठरला, तेव्हा मंदिर काही आठवडे दर्शनासाठी बंद राहिले आणि काम जाणकारांच्या देखरेखीखाली झाले. कारण मूर्तीच्या जतनाचे होते, पण भाविकांनी ती गैरसोय सोसली. आता सिंहस्थाच्या निमित्ताने शहरभर रंगकामे निघतील. महापालिकेने प्रत्येक निविदेत ओल्या घासाईची आणि तपासलेल्या रंगाची अट घालावी आणि सुरुवात अंगणवाड्यांच्या दारांपासून करावी.