नाव एक, माणसं तीन

मुलांनो, तुमचं नाव कुणी ठेवलं, हे घरी कधी विचारलंय का? बारशाला आत्यानं कानात 'कुर्र' करून सांगितलं, ते झालंच. पण आत्याला सुचवलं कुणी? आजोबांना आवडलं होतं, की आईनं शाळेत असताना वाचलेल्या एखाद्या पुस्तकातलं होतं? गंमत बघा हं. जे नाव आपण जन्मभर वापरतो, वहीवर लिहितो, कुणी हाक मारली की 'ओ' देतो, ते आपण स्वतः निवडलेलंच नसतं! आपण पाळण्यात असताना दुसऱ्या कुणीतरी, काहीतरी मनात धरून, ते आपल्याला दिलेलं असतं.

आज अशाच एका नावाची गोष्ट सांगते. नाव आहे रोआल्ड.

जगाचा नकाशा समोर घ्या. युरोपच्या अगदी वर, डाव्या बाजूला, दातेरी किनाऱ्याचा एक लांबट देश दिसेल. तो नॉर्वे. नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क या तीन देशांना मिळून स्कँडिनेव्हिया म्हणतात. रोआल्ड हे तिथलं मुलाचं फार जुनं नाव. नॉर्वेतले लोक ते 'रूआल' असं म्हणतात. शेवटचा 'ड' लिहायचा, पण बोलायचा नाही! जुन्या नॉर्स भाषेत या नावाचं रूप होतं 'ह्रोआल्द्र'. त्यात दोन शब्द दडले आहेत. पहिल्याचा अर्थ कीर्ती आणि दुसऱ्याचा राज्य करणारा. म्हणजे आपला 'यशराज'च की!

नॉर्वेवर कित्येक शतकं डेन्मार्कच्या राजाची सत्ता होती. १८१४ नंतर स्वीडनचा राजा आला. त्या काळात नॉर्वेच्या लोकांना आपल्या जुन्या कथांचा, जुन्या नावांचा पुन्हा अभिमान वाटू लागला आणि मुलांना ती नावं ठेवली जाऊ लागली. १९०५ साली देश पूर्ण स्वतंत्र झाला, तेव्हा डेन्मार्कच्या कार्ल नावाच्या राजपुत्राला त्यांनी राजा म्हणून निवडलं. त्यानं काय केलं, माहीत आहे? स्वतःचं नाव बदलून 'होकोन' हे नॉर्वेच्या जुन्या राजांचं नाव घेतलं, आणि आपल्या दोन वर्षांच्या अलेक्झांडरचं नाव केलं 'ओलाव'. राजालासुद्धा लोकांचं व्हायचं तर आधी नाव बदलावंसं वाटलं!

पहिला रोआल्ड

आपला पहिला रोआल्ड १८७२ साली जन्मला. आडनाव अमुंडसेन. घरात सगळे जहाजवाले, पण आईची इच्छा होती की या मुलानं डॉक्टर व्हावं. मुलाचं मन मात्र बर्फात. पंधरा वर्षांचा असताना त्यानं जॉन फ्रँकलिन या इंग्रज खलाशाच्या सफरींची हकिगत वाचली आणि ठरवून टाकलं, आपणही ध्रुवाकडे जायचं. सवय व्हावी म्हणून नॉर्वेच्या त्या कडाक्याच्या थंडीत तो खिडक्या सताड उघड्या टाकून झोपायचा. (तुम्ही हे करून बघू नका, आई मला रागावेल!) आईच्या शब्दाखातर तो वैद्यकी शिकत राहिला. तो एकवीस वर्षांचा असताना आई गेली आणि मग त्यानं ते शिक्षण सोडलं.

अटलांटिक महासागरातून कॅनडाच्या डोक्यावरून पॅसिफिक महासागरात जाणारी एक वाट आहे. सगळी बर्फाची. ती पार करायला १८४५ साली निघालेले फ्रँकलिन आणि त्यांचे सव्वाशेहून जास्त साथीदार कधीच परतले नाहीत. १९०३ साली अमुंडसेन 'योआ' नावाच्या लहानशा जहाजातून, फक्त सहा साथीदार घेऊन निघाले आणि १९०६ पर्यंत त्यांनी ती वाट पार केली. जहाजातून हे करणारे ते पहिले. कसं जमलं? वाटेत दोन हिवाळे ते एका बेटावर थांबले आणि तिथल्या नेत्सिलिक लोकांकडून शिकले. बर्फात सैलसर कातडी कपडे कसे घालायचे, कुत्र्यांची गाडी कशी हाकायची, हे सगळं. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या बर्फात राहणारी. त्यांच्यापुढे अमुंडसेन पहिलीतल्या मुलासारखे शिकायला बसले.

तीच विद्या पुढं दक्षिण ध्रुवावर कामाला आली. १४ डिसेंबर १९११ रोजी ते चार साथीदारांसह दक्षिण ध्रुवावर पोहोचले. तिथं आजवर कुणीच गेलं नव्हतं. इंग्लंडचे कॅप्टन स्कॉट तिकडेच निघाले होते. त्यांच्यासाठी अमुंडसेननी तंबूत चिठ्ठी ठेवली आणि राजा होकोनसाठी एक पत्रही ठेवलं. आपण परत पोहोचलो नाही, तर स्कॉटनी ते पोहोचवावं म्हणून. स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला तिथं पोहोचले, पण परतीच्या वाटेवर ते आणि त्यांचे चारही साथीदार मरण पावले. अमुंडसेनची तुकडी मात्र नव्व्याण्णव दिवसांत सुखरूप तळावर परत आली.

पण मला अमुंडसेन आवडतात, ते त्यांच्या शेवटच्या प्रवासासाठी. १९२६ साली ते इटलीच्या उम्बेर्तो नोबिले यांच्याबरोबर हवाई जहाजातून उत्तर ध्रुवावरून गेले होते. नंतर श्रेय कुणाचं, यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. १९२८ साली नोबिले यांचं दुसरं हवाई जहाज बर्फावर कोसळलं. ही बातमी कळल्यावर अमुंडसेन भांडण बाजूला ठेवून त्यांना शोधायला निघाले. १८ जून १९२८ रोजी त्यांचं विमान नॉर्वेहून उडालं, ते परत आलंच नाही. नोबिले वाचले. अमुंडसेन कधीच सापडले नाहीत.

दुसरा रोआल्ड

१९१६ साली वेल्समध्ये, कार्डिफ शहराजवळ, एका नॉर्वेजियन जोडप्याला मुलगा झाला. परक्या मुलखात राहणाऱ्या आईबापांनी त्याला आपल्या देशाच्या वीराचं नाव दिलं. हा रोआल्ड डाल. 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' आणि 'मटिल्डा' लिहिणारे, तेच!

रोआल्ड तीन वर्षांचा असताना त्याची सात वर्षांची बहीण आजारानं गेली आणि काही आठवड्यांत वडीलही गेले. आई नॉर्वेला परत गेली नाही. मुलांनी इंग्लंडच्या शाळेत शिकावं, ही वडिलांची इच्छा होती. घरात नॉर्वेजियन बोलायचे, सुट्टीत नॉर्वेला जायचे आणि शाळा मात्र इंग्रजी, असं त्याचं बालपण. नऊ वर्षांचा असताना तो वसतिगृहात गेला. तिथून आईला नेमानं पत्रं लिहायचा, आणि ही सवय मोठेपणीही सुटली नाही. आईनं त्यातली सहाशेहून जास्त पत्रं बांधून ठेवली होती, हे त्याला ती गेल्यानंतर कळलं. पुढच्या शाळेत असताना कॅडबरी कंपनी मुलांना नवीन चॉकलेटं चाखायला पाठवायची आणि मुलांनी त्यांना गुण द्यायचे! 'चॉकलेट फॅक्टरी'चं बी तिथं पडलं.

मोठेपणी त्यांच्या वाट्यालाही मोठं दुःख आलं. त्यांची सात वर्षांची मुलगी ऑलिव्हिया १९६२ साली गोवरानं गेली. तेव्हा गोवराची लस निघाली नव्हती. पुढं १९८६ साली त्यांनी आईबापांना कळकळीनं लिहिलं, की आता लस आहे, तुमच्या मुलांना ती टोचून घ्या. पालकहो, ही विनंती आजही जुनी झालेली नाही.

तिसरा रोआल्ड

हे नाव आता नॉर्वेबाहेरही गेलं होतं. मॉस्कोत १९३२ साली जन्मलेले रोआल्ड सगदेयेव्ह पुढं सोव्हिएत संघाच्या अंतराळ संशोधन संस्थेचे प्रमुख झाले. पण मला तुम्हाला सांगायचंय ते दुसऱ्याच एका रोआल्डबद्दल.

१९३७ साली पोलंडमधल्या झ्वोचूफ गावात, सफ्रान नावाच्या ज्यू कुटुंबात, एक मुलगा जन्मला. (हे गाव आता युक्रेनमध्ये आहे, त्याला झोलोचिव्ह म्हणतात.) वडील हिलेल इंजिनिअर, आई क्लारा. नॉर्वेशी त्यांचं काही नातं नव्हतं. तरी मुलाचं नाव त्यांनी ठेवलं रोआल्ड, अमुंडसेनवरून.

दोन वर्षांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. हिटलरच्या जर्मनीनं ज्यू लोकांना, केवळ ते ज्यू म्हणून, मारायला सुरुवात केली होती. १९४१ साली जर्मन फौजा या गावातही आल्या आणि सफ्रान कुटुंबाला छळछावणीत डांबलं गेलं. १९४३ च्या जानेवारीत वडिलांनी पहारेकऱ्यांना लाच देऊन बायको, मुलगा आणि काही नातेवाइकांना गुपचूप बाहेर काढलं. स्वतः मात्र मागं राहिले.

पळालेल्यांना आसरा कुणी दिला असेल? एका शिक्षकानं! उनिव्ह नावाच्या खेड्यात मिकोला ड्यूक नावाचे युक्रेनियन शिक्षक होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मारिया यांनी या सगळ्यांना शाळेच्याच माळ्यावर लपवलं. ज्यूंना लपवणारा सापडला, तर त्यालाही मृत्युदंड होता. हे ड्यूक पतिपत्नींना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? तरीही त्यांनी जवळजवळ दीड वर्ष या माणसांना सांभाळलं.

रोआल्ड तेव्हा साडेपाच वर्षांचा होता. मोठ्यानं बोलायचं नाही, पळायचं नाही, बाहेर जायचं नाही. पहिली-दुसरीतल्या मुलाला दोन मिनिटं गप्प बसवायचं म्हणजे काय असतं, हे मी रोज बघते! आईनं मग एक युक्ती केली. माळ्यावर शाळेची जुनी भूगोलाची पुस्तकं पडली होती. त्यांतून तिनं त्याला वाचायला शिकवलं. ती त्याच्याकडून धडे पाठ करून घ्यायची आणि मग प्रश्न विचारायची. दोन्ही ध्रुवांवर जाऊन आलेल्या माणसाचं नाव लावणारा हा मुलगा माळ्यावरून खाली उतरू शकत नव्हता, आणि तिथं बसून सगळं जग पाठ करत होता.

जून १९४३ मध्ये वडिलांना मारून टाकल्याची बातमी आली. छावणीतल्या कैद्यांना शस्त्रं मिळवून देण्याच्या बेतात ते सामील होते. वडिलांची एक वही आईजवळ होती. सापेक्षतेच्या सिद्धांतावरचं पुस्तक वाचताना त्यांनी त्यात टिपणं काढली होती. आईनं त्याच वहीत आपलं दुःख लिहून काढलं.

१९४४ च्या जूनमध्ये सुटका झाली. आईनं पुढं दुसरं लग्न केलं आणि मुलाचं आडनाव हॉफमन झालं. नाव मात्र रोआल्डच राहिलं. १९४९ साली, अकराव्या वर्षी, तो अमेरिकेत पोहोचला. तिथं इंग्रजी शिकला, आणि ती त्याची सहावी भाषा होती! (इंग्रजीला घाबरणाऱ्यांनो, ऐकताय ना?) पुढं ते रसायनशास्त्रज्ञ झाले. उष्णता किंवा प्रकाश दिला, की रेणूंमधले अणू कोणत्या तऱ्हेनं जोडले जातील, हे आधीच सांगता येईल असे नियम त्यांनी रॉबर्ट वुडवर्ड यांच्याबरोबर शोधून काढले. १९८१ साली त्यांना जपानच्या केनिची फुकुई यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालं. ते घ्यायला कुठं जावं लागतं? स्वीडनला, स्कँडिनेव्हियातच! स्कँडिनेव्हियाशी आपलं पहिलं नातं आपल्या नावामुळं जुळलं, असं त्यांनीच मिस्कीलपणे लिहून ठेवलंय. ते कविता आणि नाटकंही लिहीत.

२००६ साली हॉफमन आपल्या मुलाला घेऊन त्या शाळेत गेले. माळा तसाच होता. आणि जिथं ते लपत असत, त्या कोठीच्या खोलीत आता काय होतं, सांगा बरं? रसायनशास्त्राचा वर्ग!

आता एक अवघड गोष्टही सांगायला हवी, कारण तुम्ही मोठे होत आहात. मुलांचे इतके लाडके असलेले रोआल्ड डाल यांनी ज्यू लोकांबद्दल जाहीरपणे द्वेषाचे शब्द काढले होते. त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, २०२० साली, त्यांच्या घरच्यांनी त्याबद्दल माफी मागितली. पुस्तकं छान आहेत, ती जरूर वाचा. पण ते शब्द चूकच होते. एकाच माणसाबद्दल या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

नाव तेच होतं, कीर्तीचं आणि राज्याचं. पण नावानं कुणाला काही शिकवलं नाही. अमुंडसेनना बर्फातल्या माणसांनी शिकवलं, डालना आईच्या गोष्टीवेल्हाळ घरानं, आणि हॉफमनना माळ्यावर बसलेल्या आईनं. आणि ज्या मिकोला ड्यूक गुरुजींमुळे तिसरा रोआल्ड जगला, त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी आजवर ऐकलं होतं? म्हणून आज ते वहीत लिहून ठेवा.

या आठवड्याचा अभ्यास:

१. नकाशात नॉर्वे, कार्डिफ आणि झोलोचिव्ह शोधा.

२. तुमचं नाव कुणी ठेवलं आणि काय मनात धरून ठेवलं, ते घरी विचारून पाच ओळींत लिहा. पालकहो, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. 'असंच ठेवलं' एवढ्यावर सुटू नका हं!

तुमच्या बाई