चवदार तळ्याचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’

कर्नाळ्याच्या अभयारण्याबाहेर चहा पिताना आम्हां सहकाऱ्यांत वाद जुंपला. आम्ही सारे महाविद्यालयांत शिकवणारे. बहुतेक मराठीचे, एक लोकप्रशासनाचे. दिवस पदोन्नतीचे अर्ज भरण्याचे. लोकप्रशासनवाल्या मित्राने आपल्या विषयातील एका अभ्यासकाचा ‘एच-इंडेक्स’ मोठ्या अभिमानाने सांगितला आणि वर विचारले, ‘तुमच्या मराठीत आहे असा कोणी?’ त्या वेळी आम्ही गप्प बसलो. उत्तर येथे देत आहोत, आणि तेही त्यांच्याच विषयातले.

बी. आर. आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याने 1915 साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी ईस्ट इंडिया कंपनीचे प्रशासन आणि वित्तव्यवस्था यांवर प्रबंधिका लिहिली. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ 1925 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, प्रस्तावना प्रा. सेलिग्मन यांची. त्यावरील डॉक्टरेट 1927 साली रीतसर मिळाली. वरवर पाहता विषय रुक्ष आहे: 1833 पासून मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात महसुलाची वाटणी कशी होत गेली. त्यामागचा प्रश्न मात्र रुक्ष नाही. प्रांतांना अंदाजपत्रक मिळाले, पण महसुलावर त्यांचा स्वतःचा कायदेशीर हक्क होता काय? कागदावरचा अधिकार आणि प्रत्यक्ष सत्ता यांतील हे अंतर आंबेडकरांनी जमाखर्चातून उलगडून दाखवले.

आता 1927 हेच साल दुसऱ्या बाजूने पाहू. ज्या महामार्गाच्या कडेला आम्ही चहा पीत होतो, तोच पुढे पेण, नागोठणे, माणगाव करीत महाडला जातो. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली संमत केला होता: सार्वजनिक पैशाने बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेनेही 1924 साली आपले तळे खुले केले. कागदावर. 20 मार्च 1927 रोजी आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक त्या तळ्याचे पाणी प्याले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. पुढे खटला चालला आणि 1937 साली उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

प्रबंधामुळे सत्याग्रह घडला, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. महाडला जमलेल्या माणसांना तहान होती आणि अपमान ठाऊक होता. त्यासाठी सेलिग्मनची प्रस्तावना लागत नाही. जयंतीच्या भाषणांतून ‘अमुक संस्था बाबासाहेबांच्या एका प्रबंधातूनच जन्मली’ असे जे ठोकून दिले जाते, तेही आम्हांला मान्य नाही. ग्रंथ न वाचता केलेला जयजयकार आणि ग्रंथ न वाचता केलेली उद्धरणांची मोजणी ही सख्खी भावंडे आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, सार्वजनिक पैसा कोणाचा आणि त्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न ग्रंथात आहे आणि तळ्याच्या काठावरही आहे. संशोधकाची दृष्टी एका जागेहून दुसरीकडे कशी जाते, हे पाहण्यासाठी दोन्ही वाचावे लागते.

आणि येथे मराठीच्या अध्यापकांनी कान टवकारावेत. महाडनंतर दोनच आठवड्यांनी, 3 एप्रिल 1927 रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. इंग्रजीत वित्तव्यवस्था लिहिणारा पंडित मराठी पाक्षिकात अग्रलेख लिहू लागला. आजच्या अर्जात या अग्रलेखांना किती गुण? पाक्षिक कोणत्याही मान्य सूचीत नाही, परीक्षणासाठी तज्ज्ञ नेमलेले नाहीत, भाषा इंग्रजी नाही. म्हणजे शून्य!

यावर आमच्या मित्राचे म्हणणे असे की, गुणांकन नव्हते तेव्हा वशिला होता. हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. साहेबांच्या मर्जीने झालेल्या नेमणुका आमच्या पिढीनेही पाहिल्या आहेत. पण वशिल्यावर उपाय म्हणून 2010 साली एपीआय आले, मग केअर यादी आली, आणि 2025 साली तीही गुंडाळण्यात आली. या काळात पैसे भरून लेख छापणारी नियतकालिके मात्र उदंड झाली. वशिला गेला नाही. त्याला पावती मिळू लागली. कारण माणूस बदलला, यादी बदलली, तरी एक गोष्ट कोणी करीत नव्हते: समोरचा लेख वाचणे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. उमेदवाराने आपले तीनच लेख द्यावेत, कोणत्याही भाषेतले, कोठेही छापलेले. निवड समितीने ते वाचावेत आणि आपले मत कारणांसह, सहीनिशी लिहावे. ते मत उमेदवाराला पाहता यावे आणि खोडून काढता यावे. वशिल्याला अडचण होते ती अशा सहीची. दरम्यान आमच्या मराठी विभागांनी ‘बहिष्कृत भारत’चे अग्रलेख केवळ चळवळीचा दस्तऐवज म्हणून न शिकवता मराठी वैचारिक गद्य म्हणून वर्गात वाचावेत, आणि शेजारच्या लोकप्रशासन विभागाला त्या तासाला बोलवावे. आमच्या मित्राला आमंत्रण आजच देत आहोत. चहा आमचा.